शिवगंगेची चौथी फेरी

शिवगंगाबाईंच्या लोखंडी ट्रंकेत, अगदी तळाशी, एक मोरपंखी ब्लाउज आहे. शिवण झकास, गळ्याला बारीक काठ, हुक जागच्या जागी. फक्त बाही एकच. दुसरी कापून समोर ठेवली होती, सुईत दोरा ओवला होता, तेवढ्यात खालून हाक आली, "अगं ए, पोरं आली! पानं मांड!" बाई उठल्या त्या उठल्याच. त्या बाहीचं कापड पुढं गरम पातेली उतरवायला कामी आलं.

आणि ब्लाउज काही एकटा नव्हता. मुलासाठी विणायला घेतलेला स्वेटर गळ्यापर्यंत आला तोवर मुलगा कॉलेजात गेला. सायकल शिकायला घेतली, तर चढायला जमलं, उतरायचं राहिलं. कुणी येऊन धरेपर्यंत गल्लीत चकरा मारत राहावं लागे. भोकरला माहेरी असताना दहावीची परीक्षा दिली, तीही भूगोल सोडून. भूगोलाच्या पेपराच्या दिवशी त्यांना हळद लागली होती. मुहूर्त काढणाऱ्या जंगमांनी बोर्डाचं वेळापत्रक पाहिलं नव्हतं, आणि नवरीला विचारायची पद्धत नव्हती.

यजमान मन्मथराव बोलका माणूस. हात कमी चालायचे, पण तोंड त्याची कसर भरून काढायचं. "आमच्या मंडळीचं काम म्हंजे एक ना धड भाराभर चिंध्या," असं ते जेवायला आलेल्या पोरांना रंगवून सांगत आणि पोरं ताटावर हसत. बायकोचं नावच त्यांनी 'अर्धी' पाडलं होतं. "अर्धे, चहा टाक की." बाईही हसायच्या. पण हसून झाल्यावर, पोळ्या लाटताना, त्यांना वाईट वाटायचं. आपण काम सोडत नाही, आपल्याला उठवलं जातं, हे या माणसाच्या ध्यानात कसं येत नाही? येणार तरी कसं म्हणा, उठवणारा बहुतेक वेळा तोच असायचा.

लातुरात ट्यूशनच्या भागात जितक्या पाट्या क्लासच्या, तितक्याच मेसच्या. मन्मथराव आधी एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होते. मिल बंद पडली तेव्हा ते महिनाभर ओट्यावर बसून देशाची परिस्थिती समजावून सांगत राहिले. बाईंनी तेवढ्यात गल्लीतल्या चार पोरांना वरण-भात घातला. चाराची चाळीस झाली. पोरं डॉक्टर होऊन गेली, कुणी नुसतंच जाडं होऊन गेलं, नवी आली. मेसच्या बाजारहाटाचं खातं मन्मथरावांकडं आलं. भाजी चांगली आणायचे, हे कबूल केलं पाहिजे. बाकी इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं एक पान कधी मांडलं नव्हतं. खुर्चीत बसून हाक मारायची, की पान आपोआप मांडलं जातं, असा त्यांचा अनुभव होता.

वरच्या खोलीत महामाया सिस्टर राहायला आल्या, तिथून गोष्ट फिरली. मूळच्या मुदखेडच्या, दवाखान्यात स्टाफ नर्स, वयानं बाईंच्या बरोबरीच्या, आवाज मात्र दोन वॉर्डांना पुरेल एवढा. एकदा त्यांनी बाईंचं बोट टोचून साखर तपासली आणि म्हणाल्या, "काठावर हाय. उद्यापासून माझ्यासंगट चालायला यायचं. सबबी सांगितल्यास तर सुई मोठी घेईन."

चालण्याचं पळणं झालं ते एका कुत्र्यामुळं. भल्या पहाटे मैदानाच्या कोपऱ्यावर ते मागं लागलं. सिस्टर दगड शोधत राहिल्या आणि बाई साडीचा काष्टा सावरत जे सुटल्या ते थेट चौकापर्यंत. कुत्रं अर्ध्यात जीभ काढून बसलं. सिस्टर धापा टाकत पोचल्या तर बाई चौकात उभ्या, श्वास जागेवर, उलट विचारतात कशा, "गेलं का हो ते?" सिस्टरांनी तिथंच ठरवलं, की या बाईचे पाय मेसमध्ये फुकट चालले आहेत.

पुढं पंजाबी ड्रेस आला, बूट आले, मन्मथरावांच्या कोट्या आल्या. आणि मग बातमी आली, की अहमदपूरच्या पुढं नांदेड रस्त्यावर जे 'स्वप्नबन' नावाचं पार्क झालंय, तिथं हाफ मॅरेथॉन आहे. स्वप्नबन लातूर-नांदेडच्या सगळ्या शाळांच्या सहली पचवून बसलेलं. आत सिमेंटचे डायनासोर, झुकझुक गाडी, भूतबंगला, लाटांचा हौद, आणि मधोमध कारंज्याची भली थोरली महादेवाची पिंड. पार्क, मागची आंब्याची बाग आणि तळ्याचा बांध मिळून एक फेरी. अशा चार फेऱ्या झाल्या की हाफ मॅरेथॉन. साडेनऊला लाटांच्या हौदाचा भोंगा वाजणार, पार्क लोकांना उघडणार, आणि भोंग्यानंतर येणाऱ्याला मेडल नाही.

"हाफ म्हंजे?" मन्मथरावांनी विचारलं.

"अर्धी," सिस्टर बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मन्मथरावांना दोन दिवस पुरेल एवढा आनंद झाला. "वा! आमच्या मंडळीसाठी खास शर्यत काढली बगा. अर्धीनं अर्धी पळायची. आन् त्यातबी अर्ध्यातून माघारी येईल, लिहून ठेवा!"

पोरं हसली. बाई या खेपेला हसल्या नाहीत. हातातलं वाढपाचं भांडं खाली ठेवून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही एक गोष्ट मी पुरी करनार हाय. मेडल घिऊनच यीन. न्हाई आलं तर जलमभर अर्धी म्हना, मी ओ देईन." पोरांचे घास हातात राहिले. बाईंनी भांडं उचललं आणि पुन्हा वाढायला लागल्या, पण शब्द तर गेला होता.

पळणाऱ्याला भूक लागते, हे ज्ञान मन्मथरावांना बायकोमुळं झालं होतंच. ते गपचूप स्वप्नबनला जाऊन आले आणि पळणाऱ्यांच्या नाश्त्याची ऑर्डर घेऊन आले. पोहे, केळी, चहा. बाईंनी डोक्याला हात लावला. "मी पळू का पोहे परतू?"

"तू पळ की! म्या हाय, आचारी हाय. तुला कोन बोलावतंय?"

"तेच म्हनते. त्या दिवशी मला हाक मारायची न्हाई. काय बी होऊ द्या."

"न्हाई मारत. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या कामून? तुमच्या गळ्याची घ्या."

घेतली. आणखी एक गोष्ट बाईंनी वदवून घेतली. मन्मथराव चांदीच्या कागदाच्या प्लेटा नेणार होते. बाईंनी इस्लापूरकडून येणाऱ्या पळसाच्या पानांच्या पत्रावळींचे गठ्ठे काढून दिले. पहाटेपासून धावलेल्या माणसाला कागदात खायला घालणं त्यांना पटेना.

जानेवारीतला रविवार. कडाक्याची थंडी, अंगावर पार्कनं दिलेले पिवळे टी-शर्ट, आणि कमानीखाली लातूर-नांदेडची ही गर्दी. भिशीच्या बायका होत्या, भोकरकडचे दोन धोतरवाले आजोबा होते, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं होती. पार्कचे मालक उमाशंकरराव स्वतः माइक घेऊन मचाणावर उभे. माणूस हौशी. पार्कमधली प्रत्येक वस्तू त्यांनी जातीनं उभी करून घेतलेली, त्यामुळं शर्यत सुरू होण्याआधी सगळ्यांना डायनासोरची उंची ऐकावी लागली. मग शिटी झाली.

पहिली फेरी म्हणजे सहलच. डायनासोरच्या पोटाखालून, भूतबंगल्यासमोरून, बागेतून, बांधावरून. बाई आणि सिस्टर बरोबरीनं, गप्पा मारत. बाईंना इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. कुणाला काही वाढायचं नाही, कुणाचं काही उकळत नाही, फक्त पाय पुढं टाकायचे. "सिस्टर, हे आधी कामून न्हाई केलं आपन?" त्या म्हणाल्या.

फेरीच्या शेवटाला पिंड आली. रस्ता नंदीपाशी येऊन डावीकडून पिंडीला पूर्ण वळसा घालत होता, पुन्हा नंदीपाशी निघत होता, आणि तिथून नाश्त्याच्या मांडवावरून कमानीकडं. भोवतीची हिरवळ मोठी, म्हणून वळसाही मोठा. बाईंनी जाता जाता हात जोडले, वळसा धरला, आणि पलीकडं पोचल्या तर समोर रस्त्याला आडवी पन्हळ. पिंडीवरून पडणारं पाणी गोमुखातून निघून, त्या उघड्या पन्हळीतून खळखळत रस्ता ओलांडत होतं आणि लाटांच्या हौदाकडं चाललं होतं. लोकांना धार दिसावी म्हणून उमाशंकररावांनी ती मुद्दाम उघडी ठेवलेली.

बाई जागच्या जागी थांबल्या. मागचा पोलीस भरतीवाला त्यांच्यावर आदळता आदळता राहिला.

"कामून थांबलीस?" सिस्टर ओरडल्या.

"धार हाय."

"मग? हातभर तर हाय. टाक टांग!"

"महादेवाची धार ओलांडत न्हाईत, सिस्टर. धारेपोतर यायचं, माघारी फिरायचं, दुसऱ्या अंगानं परत धारेपोतर जायचं आन् पुन्हा माघारी. आमच्यात तशीच प्रदक्षिणा असती."

"आगं पन ही शर्यत हाय!"

"रस्ता तर देवाभोवतीच हाय न्हवं?"

सिस्टर बौद्ध, त्यांना या धारेचं सोयरसुतक नव्हतं. "आमच्या विहारात असली भानगड न्हाई बाई," म्हणत त्या टुणकन पलीकडं गेल्या. बाई मात्र वळल्या आणि आलेल्या वाटेनं उलट्या पळायला लागल्या. ते पाहून भिशीच्या बायकांना आपलाही धर्म आठवला. त्या वळल्या. धोतरवाले आजोबा तर धार दिसताच आपणहून वळले होते. बघता बघता पिंडीभोवती निम्मे इकडून, निम्मे तिकडून, मधोमध नंदीपाशी टकराटकरी, असं जत्रेसारखं झालं.

मचाणावरून माइक कडाडला. "ओ मावशी! उलट्या कुठं निघाल्या? बानाची पाटी हिकडं हाय!"

"देव हिकडं हाय!" बाईंनी खालून उत्तर दिलं.

"आवो ती सिमेंटची हाय! प्राणप्रतिष्ठा न्हाई झाली तिची!"

"मग चपला काढून दर्शन घ्या, अशी पाटी कामून लावली? दानपेटी कामून ठिवली? दानपेटी ठिवली की देव झाला, उमाशंकरराव!"

उमाशंकररावांनी माइकवर पुन्हा डायनासोरची उंची सांगायला घेतली. पाटीही त्यांचीच होती, पेटीही त्यांचीच.

दुसऱ्या फेरीला माघारी फिरणारे निम्मे झाले. भिशीच्या बायकांनी कानाला हात लावून, डोळे मिटून उड्या मारल्या. देव काही वाईट वाटून घेणार नाही, असं त्यांचं एकमतानं ठरलं होतं. बाईंनी बागेतून येताना आंब्याचं एक पान खुडून आणलं होतं. त्यांच्या सासूबाई धारेवर पान टाकायच्या आणि मग ओलांडायच्या. धार पानानं झाकली की ओलांडायला हरकत नाही, असं त्या सांगत. सिस्टरांना पळता पळता हे सगळं सांगून झालं. बाईंनी वाकून पान अलगद धारेवर ठेवलं. उमाशंकररावांचा पंप जोरदार. पान गिरकी घेऊन सरळ लाटांच्या हौदाकडं निघून गेलं.

"गेलं तुझं पान पोहायला," सिस्टर म्हणाल्या आणि पलीकडं उडी मारून पुढं झाल्या. "मी थांबत न्हाई आता, माझे गुडघे थंडावतील. ये तू!"

बाई माघारी वळल्या. त्यांना उशीर होत होता, हे त्यांना कळत होतं. पण लहानपणापासून जी रेष पायाखाली घेतली नाही, ती मेडलसाठी घ्यायची, हे मनाला पटत नव्हतं. पाय आहेत, थोडं जास्त पळू, असा त्यांनी हिशेब केला. आणि खरं सांगायचं तर हिशेब चुकलाही नसता. घोळ झाला तो तिसऱ्या फेरीला, आणि तो देवानं नाही केला.

तिसऱ्या फेरीला एकट्या बाईच धारेपासून माघारी फिरल्या. दोन्ही अंगांनी जाऊन, नंदीला हात लावून त्या मांडवावरून निघाल्या. पुढचे पळणारे एव्हाना शर्यत संपवून मांडवात लोटले होते. मन्मथराव त्या गर्दीत सापडलेले. आचारी चहाकडं, कढईत पोहे खाली लागायच्या बेतात, पत्रावळी सुटत नाहीत, लोक "ओ काका, ओ काका" करतायत. मन्मथरावांनी मान वर केली, बाई दिसल्या, आणि तोंडातून जन्मभराच्या सवयीनं निघालं,

"अगं ए! जरासंक हात लाव की! दोनच मिनिटं!"

बाईंचे पाय थांबले. त्यांनी थांबवले नाहीत, ते आपले आपणच थांबले. दुसऱ्या क्षणाला उलथनं हातात होतं. कढई खालून वर झाली, पाण्याचा हबका बसला, कोथिंबीर पडली, पत्रावळी पटापट सुटल्या, "ह्या घ्या, पुढं सरका, लिंबू तिकडं." दोन मिनिटं कधीच होऊन गेली. बाईंना आपण कुठं आहोत, हेच आठवेना. पोहे छान सुटे झाले होते.

सिस्टर चौथी फेरी पूर्ण करून, गळ्यात मेडल घालून मांडवात आल्या. बघतात तर बाई पोहे वाढतायत.

"शिवगंगा!" वॉर्डातला आवाज मांडवात घुमला. "तुझी फेरी झाली?"

बाईंनी मनगटाकडं पाहिलं. दर फेरीला एक रंगीत रबर मिळत होतं. तांबडं होतं, हिरवं होतं, आणि पिवळं कमानीपाशी मिळायचं ते अजून घ्यायचंच होतं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मन्मथरावांनाही ते दिसलं. बाईंनी शपथेची आठवण दिली नाही, आवाज चढवला नाही. उलथनं कढईच्या काठावर नीट ठेवलं, हात ओढणीला पुसले आणि निघाल्या. तिथून कमानीपर्यंत त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. राग नवऱ्याचा नव्हताच, स्वतःचा होता. हाकेसरशी आपण उठलो. पुन्हा उठलो. यालाच लोक अर्धी म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

पिवळं रबर घेऊन त्या चौथ्या फेरीला लागल्या तेव्हा रस्ता मोकळा होता. डायनासोरपाशी झाडूवाली बाई झाडत होती, तिनं झाडू वर करून सलाम केला. बागेत धोतरवाल्यांतले एक आजोबा भेटले. "चला, पोरी, आपन दोघंच राहिलो. दुसरा आजा टपरीवर गेला," म्हणाले आणि तेही एका झाडाखाली बसले. बांधावर आल्यावर बाईंच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. लांब फाटकाबाहेर सहलीच्या बसगाड्या येऊन उभ्या राहिलेल्या दिसत होत्या. भोंग्याची वेळ जवळ आली होती. पिंडीला दोन्ही अंगांनी जायचं म्हटलं तर वेळ पुरणार नाही, हे त्यांना स्वच्छ समजलं. धार ओलांडली तर पुरेल. म्हणजे मेडल पाहिजे तर लहानपणापासून पाळलेलं मोडा, आणि ते मोडायचं नाही तर मेडल सोडा. "महादेवा, काय रं बाबा हे," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि नंदीपाशी पोचून वळसा धरला. निदान धारेपर्यंत तरी जाऊ, असं त्यांनी ठरवलं.

धारेपाशी कुणीतरी बसलं होतं.

मन्मथराव होते. इस्तरीची पँट चिखलात, दोन्ही गुडघे टेकलेले, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पन्हळीवर त्यांनी पळसाच्या पत्रावळी एकावर एक अंथरल्या होत्या, आणि पाण्यानं नेऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी दोन्ही काठांना दाबून धरल्या होत्या. थंडीनं दात वाजत होते. बाजूला सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या, ऑपरेशनवर देखरेख ठेवल्यासारख्या.

"म्या आधी गपचूप संगट घेतलेल्या चांदीच्या कागदाच्या प्लेटा आनल्या व्हत्या," मन्मथराव घाईघाईनं म्हणाले. "सिस्टर म्हनल्या, पानच पाहिजे. मायबी पानच टाकायची, मलाबी आठवलं मग. झाकली बग पुरी. ये."

बाई बघतच राहिल्या. "आन् पोहे?"

"जळू दे पोहे."

"लोक?"

"खातील हातावर घिऊन! तू ये ना, बाई. म्या दम धरून बसलोय हितं, हात बधिर झाले."

या माणसानं मांडलेलं पहिलं पान बाईंनी आयुष्यात पाहिलं ते असं, वाहत्या धारेवर. पण बघत बसायला वेळ नव्हता. त्यांनी पिंडीला हात जोडले, पत्रावळींवरून पाऊल पलीकडं टाकलं आणि सुटल्या.

"पळ!" सिस्टर ओरडल्या. "कुत्रं मागं हाय समज!"

मचाणावरून उमाशंकररावांनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी डायनासोर सोडून माइकवर सांगायला घेतलं. "मावशी आल्या! धारेवरनं आल्या! बाजू द्या, बाजू द्या!" मांडवातले लोक हातावरचे पोहे सांभाळत रस्त्याच्या कडेला आले. भिशीच्या बायका शिट्ट्या मारत होत्या, आणि त्यांना शिट्ट्या येतात हे त्यांच्या घरी कुणाला ठाऊक नसावं. बाई मांडवावरून गेल्या, कढईतून करपल्याचा वास आला, उजवा हात उलथन्यासाठी आपसूक थोडा पुढं झाला. पाय थांबले नाहीत.

भोंगा वाजला तेव्हा बाई कमानीच्या आत होत्या. किती आत, यावर लातुरात अजून वाद आहेत. बाई स्वतः म्हणतात, दोन पावलं. निळं रबर मनगटात आलं, मेडल गळ्यात आलं, आणि बाई तिथंच रस्त्यावर बसून हमसून हमसून रडल्या. पार्क उघडलं होतं. सहलीची पोरं त्यांच्या बाजूनं लाटांच्या हौदाकडं धावत सुटली.

थोड्या वेळानं बाई मांडवात आल्या. मन्मथराव ओल्या पँटीत कुडकुडत उभे होते. त्यांनी मेडल हातात धरून पाहिलं. म्हणाले, "तीन फेऱ्या डबल वळसा घातलास म्हनं. म्हंजे अर्धीच्या वर पळालीस."

"पळाले."

"मग आता ते नाव बाद."

"बाद," बाई म्हणाल्या.

कढईपुढं अजून चारदोन माणसं उभी होती. बाईंचा हात सवयीनं उलथन्याकडं गेला. मन्मथरावांनी तो मधेच धरला आणि त्यांना पाण्याच्या पिंपावर बसवलं. पत्रावळी सगळ्या धारेला गेल्या होत्या, म्हणून त्यांनी बायकोचाच तळवा उघडून त्यावर पोहे वाढले. खालून करपलेले, वरून कोरडे, मीठ टाकायचं विसरलेले. वर लिंबू पिळायला गेले तर बी पडलं.

"कसे झालेत?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"आचाऱ्याला सांगा, आळणी हायत," बाई म्हणाल्या, आणि सावकाश, कुणीही हाक न मारता, शेवटच्या दाण्यापर्यंत त्यांनी ते पुरे केले.